कार्य आणि गतिज ऊर्जा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नववीचा 'कार्य आणि ऊर्जा' धडा सुरू झाला की दरवर्षी तेच प्रश्न येतात, मुलांकडून येतात, त्यांच्या आईबाबांकडून येतात आणि अकरावी-बारावीची मुलं तेच जरा अवघड करून विचारतात. म्हणून सगळे एका जागी लिहून काढलेत. एक गोष्ट आधीच सांगते, या धड्यातले बहुतेक घोळ एकाच ठिकाणी होतात, बल कोणाचं, ते कोणावर लागलं आणि बल जिथे लागलं ती जागा किती सरकली, हे तीन प्रश्न न विचारताच आपण सूत्रात आकडे टाकतो. खाली हे तीन प्रश्न सारखे येतील, कंटाळू नका.

१. फिजिक्समधलं 'कार्य' आणि आपलं रोजचं 'काम' एकच ना?

नाही. रोजच्या बोलण्यात दिवसभर अभ्यास करणं हेही काम आणि गेटवर उभं राहून राखण करणं हेही काम. फिजिक्समध्ये बल लागलं पाहिजे, वस्तू सरकली पाहिजे आणि ते सरकणं निदान काही प्रमाणात बलाच्या दिशेत (किंवा उलट दिशेत) पाहिजे. कार्य = बल × बलाच्या दिशेतलं विस्थापन (म्हणजे वस्तू त्या दिशेत किती सरकली).

वारीचं उदाहरण घ्या. डोक्यावर तुळशी वृंदावन घेऊन एक माऊली सपाट रस्त्याने चाललीय. तिचं डोकं तुळशीला वरच्या दिशेने आधार देतंय आणि तुळस पुढे सरकतेय, म्हणजे बल वर आणि विस्थापन आडवं. त्यामुळे त्या आधाराच्या बलाने तुळशीवर केलेलं कार्य शून्य (पावलागणिक तुळस थोडी वरखाली होते पण ते एकूण मिळून फिटतं). आता हीच माऊली दिवे घाट चढायला लागली की चित्र बदलतं, तुळस खरोखर वर चाललीय, बलही वर आहे, म्हणजे कार्य होतंय. बाई तीच, तुळसही तीच, फक्त रस्ता चढाचा झाला.

२. पण माणूस दमतो ना! मग कार्य शून्य कसं म्हणता?

हा प्रश्न मला मनापासून आवडतो कारण विचारणारा मुलगा सूत्र पाठ करत नाहीये, विचार करतोय. दमणं खरंच आहे. जड पिशवी हातात धरून नुसतं उभं राहिलं तरी स्नायूंच्या आत बारीक तंतू एकमेकांना सतत पकडत-सोडत ओढत असतात, त्यात शरीराची ऊर्जा खर्च होते आणि तिची उष्णता होते. पण ती ऊर्जा पिशवीला मिळत नाही. तीच पिशवी टेबलावर ठेवा, टेबल तेवढंच बल लावतं आणि महिनाभर दमत नाही. तेव्हा उत्तर लिहिताना 'कार्य शून्य' एवढंच लिहू नका, 'हाताच्या बलाने पिशवीवर केलेलं कार्य शून्य' असं लिहा, म्हणजे भांडण मिटतं.

३. १ जूल म्हणजे किती? अंदाजच येत नाही

१०० ग्रॅमची वस्तू १ मीटर वर उचलली की जवळपास १ जूल. म्हणजे कार्य आणि ऊर्जा मोजायचं हे फारच छोटं एकक आहे. फास्ट बोलरचा ताशी १४० किमीचा बॉल साधारण १२० जूल घेऊन येतो. कोकणात माडावरून दीड किलोचा नारळ १५ मीटरवरून पडला तर खाली येईपर्यंत त्याच्याकडे साधारण २२० जूल असतात, म्हणजे त्या बॉलच्या जवळजवळ दुप्पट, त्यामुळे माडाखाली उभं राहू नको असं घरातली मोठी माणसं सांगतात ते ऐकाच.

आणि लाईट बिलातलं १ युनिट म्हणजे ३६ लाख जूल. ६० किलोच्या माणसाला समुद्रसपाटीपासून कळसूबाईच्या माथ्याइतकं, म्हणजे १६४६ मीटर वर न्यायला साधारण पावणेदहा लाख जूल लागतात. एका युनिटमध्ये त्याला साडेतीनहून जास्त वेळा वर नेता येईल! शरीराला मात्र याच्या चार-पाच पट ऊर्जा खावी लागते कारण आपल्या स्नायूंची कार्यक्षमता २०-२५ टक्क्यांच्या आसपास असते, बाकीची उष्णता होते, म्हणून चढताना घाम येतो.

४. गतिज ऊर्जेच्या सूत्रात तो अर्धा आणि तो वर्ग कुठून आला? पाठ करायचं का नुसतं?

गतिज ऊर्जा म्हणजे हलणाऱ्या वस्तूकडे तिच्या वेगामुळे असलेली ऊर्जा, तिचं सूत्र ½ × वस्तुमान × वेगाचा वर्ग. पाठ नका करू, दोन ओळींत निघतं. थांबलेल्या वस्तूवर एकसारखं बल लावलं. बल = वस्तुमान × त्वरण (त्वरण म्हणजे वेग दर सेकंदाला किती बदलतो ते). गतीच्या समीकरणातून वेगाचा वर्ग = २ × त्वरण × अंतर, म्हणजे त्वरण × अंतर = वेगाचा वर्ग भागिले २. आता कार्य = बल × अंतर = वस्तुमान × त्वरण × अंतर, त्यात वरची किंमत टाका, झालं, ½ × वस्तुमान × वेगाचा वर्ग. वस्तू आधीपासून पळत असेल तर शेवटच्या गतिज ऊर्जेतून सुरुवातीची वजा करायची, जो फरक येईल तेवढं कार्य झालं. यालाच कार्य-ऊर्जा प्रमेय म्हणतात.

अर्ध्याचा अर्थ असाही बघता येतो: वेग शून्यापासून एकसारखा वाढत गेला तर सरासरी वेग शेवटच्या वेगाच्या निम्मा असतो, म्हणून अंतरही निम्मंच पडतं, तो अर्धा तिथून येतो.

वर्गावर मात्र युरोपात अनेक दशकं जोरदार वाद चालला होता. जर्मन विचारवंत आणि गणिती लाइबनिट्सने १६८६ मध्ये मांडलं की हलत्या वस्तूचा जोर वस्तुमान × वेगाचा वर्ग असा मोजायला पाहिजे, उलट बाजूचे लोक वस्तुमान × वेग म्हणत होते. मग डच शास्त्रज्ञ स्ग्रावेसांडेने पितळी गोळे वेगवेगळ्या उंचीवरून मऊ मातीवर टाकून बघितले, वेग दुप्पट झाला की खड्डा दुप्पट नाही, चौपट! फ्रान्समध्ये एमिली द्यु शातलेने हे प्रयोग उचलून धरले, जिने न्यूटनचा मोठा ग्रंथ फ्रेंचमध्ये आणला तीच ही. तो अर्धा आणि 'कार्य' हा शब्द आजच्या अर्थाने रुळवला तो फ्रेंच शास्त्रज्ञ कोरिओलिसने, १८२९ मध्ये. म्हणजे जी गोष्ट नववीच्या मुलाला एका तासात कळावी असं आपण म्हणतो ती कळायला मोठमोठ्या लोकांना जवळपास दीडशे वर्षं लागली, तेव्हा पहिल्या वाचनात नाही कळलं तर मुलांवर चिडू नका, प्लीज.

(दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर होत्या, कसं ते प्रश्न १४ मध्ये.)

५. गाडीचा स्पीड दुप्पट केला तर ब्रेक मारल्यावर थांबायला दुप्पट अंतर लागेल ना?

चौपट. हे उत्तर गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला यायलाच पाहिजे असं मला वाटतं, परीक्षा बाजूला राहू दे.

१००० किलोची गाडी ताशी ३६ किमीने (म्हणजे सेकंदाला १० मीटर) चाललीय, गतिज ऊर्जा ५० हजार जूल. ताशी ७२ ला २ लाख जूल. ताशी १०८ ला साडेचार लाख. ब्रेक मारल्यावर टायर आणि रस्त्याची पकड जेवढं बल देते ते तिन्ही वेळी साधारण सारखंच, मग बल तेवढंच आणि घालवायची ऊर्जा चौपट, म्हणजे अंतरही चौपट. कोरड्या चांगल्या डांबरी रस्त्यावर घर्षण गुणांक (टायरची रस्त्यावर पकड किती ते सांगणारा आकडा) ०.७ धरला तर नुसत्या ब्रेकचं अंतर ७ मीटर, २९ मीटर आणि ६६ मीटर येतं. शिवाय समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला असं धरा, तेवढ्यात गाडी अनुक्रमे १०, २० आणि ३० मीटर पुढे गेलेली असते. एकूण १७, ४९ आणि ९६. पावसात पकड निम्मी झाली की ब्रेकचं अंतर दुप्पट.

सूत्रातून वस्तुमान कटून जातं हेही बघा, जड गाडीची ऊर्जा जास्त पण रस्त्यावरचा दाब जास्त म्हणून घर्षणही त्याच पटीत जास्त. मग ओव्हरलोड ट्रक लवकर थांबत नाही तो का? कारण तिथे मर्यादा टायरच्या पकडीची नसते, ब्रेकची असते, ते प्रश्न ११ मध्ये आहे.

६. कार्य ऋण असतं म्हणजे नेमकं काय?

बल एका दिशेला आणि सरकणं उलट दिशेला. ब्रेक लावल्यावर घर्षण मागे ओढतं आणि गाडी पुढे जाते, म्हणून घर्षणाचं कार्य ऋण, म्हणजे गाडीकडची ऊर्जा कमी झाली. बॉल वर फेकला की वर जाताना गुरुत्वाकर्षणाचं कार्य ऋण आणि खाली येताना धन. गतिज ऊर्जा स्वतः मात्र कधीच ऋण येत नाही, वस्तुमान धन आणि वेगाचा वर्गही धन. पेपरात ऋण आली तर चिन्ह चुकलंय, परत तपासा.

७. कॅच घेताना हात मागे का घ्यायचे? ऊर्जा तर तेवढीच आहे

ऊर्जा तेवढीच आहे, बरोबर, आणि म्हणूनच! समजा स्लिपमध्ये १६० ग्रॅमचा बॉल ताशी १०० किमीने आला, त्याच्याकडे साधारण ६२ जूल आहेत. हे ६२ जूल तुमच्या हातांनाच काढून घ्यायचेत. हात ताठ ठेवून बॉल २ सेंटीमीटरमध्ये थांबवला तर सरासरी बल ३१०० न्यूटन, जवळपास ३१५ किलो वजनाएवढं. हात ३० सेंटीमीटर मागे नेत थांबवला तर २०० न्यूटनच्या थोडं वर, म्हणजे साधारण २१ किलो. बल × अंतर हा गुणाकार ठरलेला आहे, अंतर वाढवा की बल कमी होतं. हेल्मेटच्या आतलं थर्माकोल, गाडीचं चेपणारं बोनेट, उंच उडीखालची जाड गादी, सगळीकडे हेच.

८. कोनाचं कोसाइन का घ्यायचं?

ट्रॉली बॅग ओढताना तुम्ही तिरकं ओढता, त्यातला आडवा भागच बॅग पुढे नेतो. जमिनीशी ६० अंशाचा कोन असेल तर तुमच्या बलाचा निम्माच भाग कामाला येतो, ६० चा कोसाइन ०.५. सरळ ओढलं तर पूर्ण, ९० अंशात शून्य, ९० च्या पुढे ऋण (प्रश्न ६). बस.

९. गोल फिरणाऱ्या वस्तूवर केंद्राकडचं बल कार्य करत नाही म्हणता, मग गोफणीतला दगड वेग कसा घेतो?

एकसारख्या वेगाने वर्तुळात फिरताना बल केंद्राकडे आणि प्रत्येक क्षणाचं सरकणं त्याच्याशी काटकोनात, म्हणून कार्य शून्य, हे बरोबरच आहे. पण शेतात गोफण फिरवणाऱ्याचा हात नीट बघा. हात एका जागी स्थिर नसतो, तो स्वतः छोट्या गोलात फिरतो आणि दगडाच्या जरा पुढे असतो. त्यामुळे दोरी अगदी काटकोनात न ओढता थोडी पुढच्या बाजूला ओढते, तेवढा तिरकेपणा कार्य करून जातो आणि दगडाचा वेग वाढतो. हात खरोखर स्थिर ठेवून बघा, दगडाचा वेग वाढणारच नाही, उलट हवेमुळे कमी होईल.

१०. हायवेला गाडी एकाच स्पीडने चाललीय, गतिज ऊर्जा बदलत नाही, मग पेट्रोल कशाला जळतं?

कार्य-ऊर्जा प्रमेय निव्वळ बलाबद्दल (सगळ्या बलांच्या बेरजेबद्दल) आहे, एकट्या इंजिनाबद्दल नाही. गाडीला पुढे ढकलणाऱ्या बलाचं कार्य धन, हवेचा अवरोध आणि टायरच्या रोलिंगचं कार्य ऋण, दोन्ही सारखे, बेरीज शून्य, म्हणून स्पीड तोच. पेट्रोल जळतं ते हवा बाजूला ढकलण्यात आणि टायर, गिअर, इंजिन तापवण्यात. हवेचा अवरोधही साधारण वेगाच्या वर्गाने वाढतो म्हणून फार जोरात चालवली की अ‍ॅव्हरेज पडतं.

११. घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये उतरा म्हणतात, ब्रेक असताना गिअर कशाला?

खंडाळ्याहून खोपोलीकडे बोरघाट उतरताना साधारण ५०० मीटर खाली येतो. १६ टनाचा भरलेला ट्रक घ्या. वस्तुमान × ९.८ (गुरुत्वाकर्षणाचं त्वरण) × उंची केलं तर ७ कोटी ८४ लाख जूल. ट्रक वरती ज्या स्पीडने होता त्याच स्पीडने खाली पोचायचा असेल तर गतिज ऊर्जेत काही फरक पडायला नको, म्हणजे ही सगळी ऊर्जा वाटेतच कुठेतरी घालवावी लागते. ३० अंशाचं जवळपास २६५ लिटर पाणी उकळीला येईल एवढी उष्णता आहे ही! ती सगळी ब्रेकमध्ये गेली तर ब्रेक लायनर इतका तापतो की त्याची पकडच जाते, पायाखाली ब्रेक आहे पण लागत नाही. खालच्या गिअरमध्ये इंजिन स्वतः गाडीला मागे धरतं आणि उष्णतेचा मोठा वाटा ब्रेकऐवजी इंजिन घेतं. न्यूट्रलमध्ये टाकून डिझेल वाचवायला घाट उतरणारे बघितले की पोटात गोळा येतो, इंजिनाचा आधार काढून सगळा भार ब्रेकवर टाकलेला असतो त्यांनी, कृपया असं करू नका.

रेल्वेचंही हेच गणित. कर्जत-लोणावळा घाटात ३७ मीटरला १ मीटर चढ आहे, वर जाताना मागून बँकर इंजिनं जोडून ढकलतात. ज्या इंजिनांत आणि लोकलमध्ये रिजनरेटिव्ह ब्रेक असतो तिथे मोटर जनरेटरसारखी चालते आणि गाडीची ऊर्जा उष्णतेत न घालवता वीज म्हणून ओव्हरहेड वायरीत परत जाते.

१२. ट्रेनमध्ये समोर ठेवलेल्या चहाला गतिज ऊर्जा आहे की नाही?

कोण बघतंय त्यावर आहे. १०० ग्रॅम चहा, ट्रेन ताशी ७२ किमी. तुमच्यासाठी शून्य, प्लॅटफॉर्मवरच्या माणसासाठी २० जूल. दोघंही बरोबर, फक्त एका गणितात एकच बघणारा ठेवायचा, मध्येच बदलायचा नाही.

बारावीच्या एका मुलीने यावर पुढचा प्रश्न विचारला होता तो फार सुंदर आहे. त्याच ट्रेनमध्ये १०० ग्रॅमचा बॉल पुढच्या दिशेने सेकंदाला ५ मीटरने फेकला. आत बसलेल्यांसाठी बॉलची ऊर्जा १.२५ जूल वाढली. बाहेरच्यासाठी वेग २० वरून २५ झाला, म्हणजे ऊर्जा ११.२५ जूल वाढली. जास्तीचे १० जूल कुठून आले? तेच तीन प्रश्न विचारा. हाताने बॉलवर लावलेलं बल दोघांसाठी सारखं, पण फेकेपर्यंत हात किती सरकला? आतल्यासाठी हातभर, बाहेरच्यासाठी हातभर अधिक तेवढ्या वेळात ट्रेन जेवढी पुढे गेली तेवढं. म्हणून कार्य जास्त. ते जास्तीचे जूल ट्रेनकडून आले, फेकताना तुमचे पाय डब्याला मागे रेटतात आणि इंजिनाला ते भरून काढावं लागतं.

१३. रस्त्याचं घर्षण गाडीला पुढे ढकलतं, मग गाडीची गतिज ऊर्जा रस्त्याने दिली का?

नाही, आणि इथे हुशार मुलंही अडकतात. गाडीला पुढे नेणारं बाहेरचं बल रस्त्याचंच आहे हे खरं. पण टायर घसरत नसेल तर टायरचा जो ठिपका रस्त्याला टेकलाय तो त्या क्षणी स्थिर असतो. बल जिथे लागलं ती जागा सरकली का? नाही. म्हणून रस्त्याने कार्य केलं नाही, ऊर्जा पेट्रोलमधून आली, रस्त्याने फक्त टेका दिला. उडी मारताना जमिनीचंही तसंच, ऊर्जा पायांच्या स्नायूंची.

मग पुस्तकात बल × गाडीचं विस्थापन करून बरोबर उत्तर कसं येतं? कारण तिथे पूर्ण गाडी एक बिंदू मानलेली असते आणि बल × वस्तुमान केंद्राचं विस्थापन यातून त्या केंद्राची गतिज ऊर्जा बरोबर निघते. आकडा बरोबर, फक्त 'ऊर्जा रस्त्याने दिली' हा अर्थ त्यातून काढायचा नाही.

१४. संवेग आणि गतिज ऊर्जा यात फरक काय, दोन्हीत वस्तुमान आणि वेगच तर आहे

संवेग म्हणजे वस्तुमान × वेग. बल किती वेळ लागलं यावरून संवेग बदलतो, बल किती अंतर लागलं यावरून गतिज ऊर्जा. प्रश्न ४ मधले दोन्ही गट वेगवेगळ्या गोष्टी मोजत होते. १० ग्रॅमची गोळी आणि ४ किलोची रायफल घ्या. दोघांवर सारखंच बल सारखाच वेळ लागलं म्हणून संवेग सारखा आणि उलट दिशेला. पण तेवढ्या वेळात गोळी नळीभर सरकली आणि रायफल जेमतेम, म्हणून गोळीची गतिज ऊर्जा ४०० पट. खांद्याला नुसता धक्का बसतो तो यामुळे. संवेगाला दिशा असते, गतिज ऊर्जेला नसते.

१५. उतारावर सगळ्या वस्तू एकाच वेगाने खाली येतात ना?

घर्षणाशिवाय घसरल्या तर हो. गडगडत आल्या तर नाही. घरी करून बघा, एक पाट तिरका ठेवा आणि वरून एक नाणं आणि एक बांगडी कडेवर उभी करून एकदम सोडा. नाणं पुढे जातं. बांगडीचं सगळं वस्तुमान कडेला असल्यामुळे तिच्या ऊर्जेतली निम्मी फिरण्यातच जाते, नाण्याची एक तृतीयांश. ½ × वस्तुमान × वेगाचा वर्ग ही फक्त पुढे सरकण्याची ऊर्जा, फिरण्याची वेगळी धरावी लागते. गंमत म्हणजे नाणं लहान-मोठं, जड-हलकं असल्याने काही फरक पडत नाही, घडण कशी आहे (भरीव चकती की पोकळ कडं) तेवढंच बघायचं.

१६. वेग दुप्पट तर ऊर्जा चौपट, मग पवनचक्कीच्या बाबतीत आठपट का म्हणतात?

साताऱ्याजवळ वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या बघून आलेल्या मुलांचा हा ठरलेला प्रश्न. प्रत्येक किलो हवेची गतिज ऊर्जा चौपटच होते. पण वारा दुप्पट वेगाने आला की पात्यांमधून दर सेकंदाला दुप्पट किलो हवाही जाते. चार गुणिले दोन, आठ. आणि हे आठपट शक्तीबद्दल आहे, म्हणजे दर सेकंदाच्या ऊर्जेबद्दल. ती सगळी मिळत नाही, हवा पूर्ण थांबवली तर मागची हवा येणार कुठून, म्हणून जास्तीत जास्त ५९.३ टक्केच काढता येते, याला बेट्झ मर्यादा म्हणतात.

१७. समोरासमोर ५०-५० च्या स्पीडने टक्कर म्हणजे १०० ने भिंतीला धडकण्यासारखंच ना?

हे इतक्या वेळा ऐकलंय! नाही. दोन सारख्या गाड्या असतील तर प्रत्येकीसाठी ती ५० ने पक्क्या भिंतीला धडकण्यासारखीच असते. एकूण ऊर्जा दुप्पट आहे खरी पण चेपणाऱ्या गाड्याही दोन आहेत, प्रत्येकीच्या वाट्याला आपापलीच ऊर्जा. १०० ने भिंतीला धडकणाऱ्या गाडीच्या वाट्याला चौपट (प्रश्न ५). अपवाद महत्त्वाचा: समोरून भरलेला ट्रक आला तर हे लागू नाही, ट्रक जवळपास तसाच पुढे येत राहतो आणि छोट्या गाडीला उलट्या दिशेने ढकलतो, तिच्यासाठी ते १०० ने भिंतीला धडकण्याच्या जवळ जातं.

१८. गतिज ऊर्जेचं हे सूत्र कुठे चालतच नाही असं आहे का?

आहे, प्रकाशाच्या वेगाच्या जवळ. प्रकाशाच्या १० टक्के वेगापर्यंत चूक १ टक्क्याहून कमी, त्यामुळे गाड्या, रॉकेट, उपग्रह सगळं यात बसतं. ९० टक्के वेगाला मात्र खरी गतिज ऊर्जा या सूत्रापेक्षा तिपटीहून जास्त निघते आणि तिथे आइन्स्टाइनचं सूत्र लागतं. म्हणून गणितात इलेक्ट्रॉन दिसला की आधी त्याचा वेग सेकंदाला ३ कोटी मीटरच्या खाली आहे ना ते बघा आणि मगच हे सूत्र वापरा.